चिंचगल्लीची लांबी

ज्या दिवशी नगरपरिषदेनं चिंचगल्लीच्या तोंडाशी ओल्या कचऱ्याचा खड्डा सुरू केला, त्या दिवशी संध्याकाळपर्यंत गल्ली वीतभर लांब झाली.

यमुनाबाई बऱ्हाटे यांच्या पायांना ते आधी कळलं. त्यांचं घर गल्लीच्या अगदी आतल्या टोकाला होतं आणि दुधाची डेअरी तोंडाशी. इतक्या वर्षांत पायांना वाट पाठ झाली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी सवयीनं शेवटचं पाऊल उचललं, पण पायाखाली डेअरीची पायरी आली नाही. अर्धं पाऊल आणखी टाकावं लागलं. वय झालं आता, असं मनाशी म्हणून त्या दूध घेऊन परतल्या. परततानाही अर्धं पाऊल जास्तच पडलं.

तापीकाठच्या त्या गावाचा कचरा वर्षानुवर्षं वेशीबाहेरच्या डेपोवर जात होता. त्याचा डोंगर झाला होता. उन्हाळ्यात तो आतून धुमसायचा आणि वारा फिरला की गावभर बायका वाळवणं उचलून आत न्यायच्या. शेवटी नगरपरिषदेनं ठराव केला, की जे कुजतं ते यापुढं डेपोवर जाणार नाही. भाजीची देठं, केळीची सालं, शिळंपाकं, देवाचं निर्माल्य, सगळं ज्या त्या गल्लीच्या खड्ड्यात पडेल, तिथंच त्याचं खत होईल आणि ते त्याच गल्लीला मिळेल. घरोघर हिरवी आणि निळी अशा दोन बादल्या वाटल्या. सुरुवातीला बायकांनी कुरकुर केली. मग हात वळले.

घंटागाडीबरोबर ताराबाई यायची. पन्नाशीची, हाडापेरानं मजबूत, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. ती बादलीत डोकावून बघितल्याशिवाय घ्यायची नाही.

"मावशी, यात दुधाची पिशवी आहे."

"चुकून गेली असेल."

"निळ्यात टाका. पिशवी कुजत नाही. खड्ड्यात गेली की ती तशीच बसून राहते, आणि बाकीच्यांनाही पुढं सरकू देत नाही."

ताराबाई खड्ड्यात सालांचा थर द्यायची, त्यावर वाळक्या पाल्याचा, त्यावर ताकाचा हबका मारायची. चार दिवस वास आला. मग तो वास गेला आणि खोल रानातल्या मातीसारखा वास येऊ लागला. गल्ली रोज थोडी थोडी लांबत होती.

पूर्वी ती लांबच होती. गावाला बायपास झाला तेव्हा तिचा मोठा भाग रस्त्यात गेला. घरं पाडली, जिच्यावरून गल्लीला नाव पडलं ती चिंच तोडली, आणि विटा-माती, मोडकी कवाडं, सगळा राडारोडा डेपोवर नेऊन टाकला. गल्लीचं तोंड तेव्हा कितीतरी आत सरकलं होतं. आता मधली जागा परत येत होती. आधी मोतीराम शिंप्याचा ओटा आला. नुसताच ओटा, वर काही नाही. मग त्याच्यावर पत्रा आला, शिलाई मशीन आलं, आणि एका सकाळी मशीनमागं मोतीराम बसलेला होता.

"कधी आलात?" यमुनाबाईंनी विचारलं.

"आलो की."

"बरे आहात?"

"सुईत दोरा जात नाही, एवढंच," मोतीराम म्हणाला आणि सुई त्यांच्या हातात दिली. त्यांनी दोरा ओवून दिला आणि पुढं गेल्या.

नगरपरिषदेचे स्वच्छता निरीक्षक खैरनार साहेब टेप घेऊन आले. शांत माणूस. त्यांनी तोंडापासून थोडं अंतर मोजलं, कपाळाचा घाम पुसला आणि डेअरीच्या बाकावर बसून चहा घेतला.

"जेवढी गल्ली वाढते तेवढा डेपो बसतो," ते म्हणाले. "तिकडंही मोजून आलो."

"म्हणजे हे चांगलं का वाईट?" यमुनाबाईंनी विचारलं.

"डेपोच्या दृष्टीनं चांगलंच आहे."

लोकांना त्यात वावगं काही वाटलं नाही. उलट गल्लीत भाज्या जास्त येऊ लागल्या. ज्यांच्या घरी आठवड्यातून दोनदा पालेभाजी व्हायची, त्यांच्याकडं रोज होऊ लागली. देठं जाड काढली जाऊ लागली. कोणाचे काका परत यायचे होते, कोणाची मैत्रीण. यमुनाबाईंच्या नवऱ्याचं मात्र काही चिन्ह नव्हतं. ते याच घरात गेले होते आणि त्यांची राख तापीत सोडली होती. त्यांचं असं काही डेपोवर गेलंच नव्हतं, आणि जे डेपोवर गेलं नव्हतं ते परत येत नव्हतं.

अक्काचं तसं नव्हतं. अक्का त्यांची थोरली जाऊ. दोघींची घरं भिंतीला भिंत लागून आणि स्वयंपाकघर एकच, अक्काच्या बाजूला. भाऊ-भाऊ वेगळे झाले तरी चूल एकच राहिली, कारण दोघींपैकी कोणालाच एकटीनं स्वयंपाक करायला आवडत नव्हतं. अक्काचं घर नव्या रस्त्याच्या वळणात येत होतं म्हणून तेही बायपासवाल्यांनी पाडलं. अक्का मुलाकडं सुरतेला गेली आणि तिथंच वारली. यमुनाबाई तिच्या दिवसांना जाऊन आल्या होत्या. तिथल्या स्वयंपाकघरात ओट्यावर दोन बायका उभ्या राहू शकत नव्हत्या, हे त्यांच्या सगळ्यात जास्त लक्षात राहिलं होतं.

एका सकाळी यमुनाबाई चहा टाकायला उठल्या तेव्हा भिंतीपलीकडून वांगं भाजल्याचा वास आला. कपाशीच्या पऱ्हाट्यांच्या जाळावर, साल तडकून रस निखाऱ्यावर सांडतो तेव्हा येतो तो वास. त्यांनी गॅस बंद केला आणि बाहेर आल्या. शेजारी अक्काचं घर होतं. दार उघडं होतं. अक्का पाटावर बसून वांगी फिरवत होती.

"आलीस का," अक्का म्हणाली. "मिरच्या भाज. आणि शेंगदाणे त्या डब्यात नाहीत, कोनाड्यात आहेत."

यमुनाबाईंनी मिरच्या घेतल्या. हात चटचट भाजत होते आणि बरं वाटत होतं.

"मी सुरतेला मेले ना गं, यमुने?" वांगं फिरवत अक्का म्हणाली.

"हो, अक्का."

"मला वाटलंच. तिथलं पाणी मला मानवलंच नाही."

मग दोघींनी लाकडी बडगीत वांगी ठेचली. अक्का ठेचायची, यमुनाबाई कांद्याची पात चिरून घालायच्या. कोण काय करणार हे विचारावं लागत नव्हतं. अक्काचा हात मिठाच्या बरणीकडं गेला की यमुनाबाई झाकण काढायच्या. दुपारी कळण्याची भाकरी झाली. त्या दिवशी यमुनाबाई कितीतरी वर्षांनी पोटभर जेवल्या आणि उंबऱ्याला डोकं टेकून तिथंच झोपल्या. उठल्या तेव्हा अंगावर अक्काचं जुनं लुगडं पांघरलेलं होतं.

यमुनाबाईंची मुलगी वैजयंती नाशिकला राहायची. चाळिशी ओलांडलेली, पाटबंधारे खात्यात नोकरी, केसांत पांढऱ्या बटा, चष्मा. ती दोन महिन्यांतून एकदा यायची. या वेळी आली तेव्हा यमुनाबाई दारात तिची वाट बघत होत्या. लांबून येताना दिसली तेव्हाच त्यांना वाटलं, पोरीची तब्येत सुधारली. जवळ आली तर केस काळेभोर आणि चष्मा हातात.

"कशी आहेस गं, वैजू?"

"छान आहे. काहीतरी सांगायला आले होते तुला, पण वाटेत विसरले बघ."

"आठवेल. आधी जेव."

अक्कानं तिच्या पाठीवरून हात फिरवला. वैजू दोघींच्या मध्ये बसून जेवली आणि खूप हसली. संध्याकाळी यमुनाबाई तिला गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायला गेल्या. चालता चालता वैजूची पावलं जड होऊ लागली. मोतीराम शिंप्याच्या दुकानापाशी तिच्या कानामागं पहिली पांढरी बट आली. चिंच आता पुन्हा उभी होती. तिच्याखाली पोचल्यावर वैजूनं चष्मा लावला, खालच्या पारावर बसली आणि पोटाशी हात धरला.

"आई, आठवलं. माझं ऑपरेशन आहे. गर्भपिशवी काढायची आहे. घाबरण्यासारखं काही नाही, पण तू माझ्याजवळ असावीस असं वाटतं. मी तुला न्यायला आले होते."

"मग आत असताना बोलली का नाहीस?"

"आत असताना मला काही झालेलंच नव्हतं."

नाशिकची गाडी लागलेली होती. यमुनाबाईंच्या अंगावर घरची साडी होती आणि चुलीवर अक्कानं दूध ठेवलं होतं. "पुढच्या वेळी येते," त्या म्हणाल्या. "तारीख ठरली की ये. मी तयारी करून ठेवते." वैजूनं मान हलवली. ती गाडीत खिडकीशी बसली आणि गाडी वळेपर्यंत आईकडं बघत राहिली.

तयारी काही झाली नाही. बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, घालायचे दिवस होते. अक्का ज्वारी भिजत घालायची आणि यमुनाबाईंना वाटायचं, एवढी एक खेप उरकू आणि मग पेटी काढू. गल्लीत माणसं वाढली होती. आलेल्यांच्याही चुली पेटत होत्या, त्यांचीही सालं-देठं खड्ड्यात पडत होती, आणि ती जिवंत माणसांच्यापेक्षा जास्त भरत होती, कारण त्या काळी माणसं घरात जास्त होती. खत भराभर तयार होत होतं. नव्यानं वाढलेल्या तुकड्यांवर डांबर नव्हतं. तिथं तेच काळं, मऊ खत पसरलेलं असायचं, आणि त्यावरून चालताना पावलांचा आवाज येत नसे.

ताराबाईची गाडी यमुनाबाईंच्या दारापर्यंत यायला आता अर्धा दिवस लागायचा. तोंडाशी ती बॅटरीची गाडी असायची, मध्यावर हातगाडी व्हायची. दारात येईपर्यंत ताराबाईच्या हातात नुसती पाटी उरायची आणि अंगावर नवी कोरी साडी असायची.

"तारा, तू किती लहान दिसतेस गं."

"बाहेरून येणाऱ्याला ही वाट लागते, मावशी. तुम्ही आतच आहात, म्हणून तुम्हाला काही नाही." तिनं पाटी खाली ठेवली. "गल्लीच्या तोंडाशी आजचा दिवस असतो. आत यावं तसा काळ मागं जातो. तुमच्या दारात येते तेव्हा माझं नुकतंच लग्न झालेलं असतं."

"मग त्रास होत नाही?"

"मधल्या पट्ट्यात माझा मालक जिवंत असतो. तिथं बसून भाकरी खातो आम्ही रोज." मग ती म्हणाली, "उद्यापासून मी तुमच्यापर्यंत येणार नाही. अजून लांबली गल्ली, तर इथं येईपर्यंत मी माहेरी असेन. पाटीही उचलायची नाही मला."

त्या रात्री यमुनाबाईंनी हिशेब केला नाही, पण त्यांना समजलं. गल्ली जर अशीच वाढत राहिली तर एक दिवस वैजू दारात येईल ती शाळकरी पोर होऊन, मग दुडूदुडू चालणारी, आणि मग. त्या उठून बसल्या. भिंतीपलीकडं अक्का घोरत होती. तो आवाज ऐकत त्यांनी उजाडेपर्यंत वाट पाहिली.

सकाळी त्या गल्लीच्या तोंडाकडं निघाल्या. पोचायला दुपार झाली. खैरनार साहेब खड्ड्याशी उभे होते. यमुनाबाई म्हणाल्या, "साहेब, थोडे दिवस आमच्या गल्लीचा कचरा पहिल्यासारखा डेपोवर न्या."

"का?"

"गल्ली फार लांब झाली. आत येऊन बघा तुम्ही."

"मी आत येत नाही, यमुनाबाई. शिंप्याच्या पुढं मला नोकरीच लागलेली नसते. मग माझं ऐकेल कोण?"

"मग इथंच हुकूम काढा."

खैरनार साहेबांनी चष्मा पुसला. "काढला असता. पण न्यायचं कुठं? डेपो राहिलाच नाही. काल सकाळी जाऊन आलो. सपाट रान आहे तिथं, कोणीतरी ज्वारी पेरली आहे." ते खड्ड्याकडं बघत म्हणाले, "माझे वडील डेपोच्या जागेचं असंच सांगायचे, की तिथं दादर ज्वारी व्हायची, कणसं माणसाच्या डोक्यावर. मला खोटं वाटायचं."

तोंडाशी मोबाइलला रेंज होती. आत अजून टॉवर झालेले नव्हते. यमुनाबाईंनी तिथूनच वैजूला फोन लावला.

"आई, तारीख ठरली. मी सोमवारी येते तुला न्यायला."

"तू आत येऊ नकोस. मी तोंडाशी येऊन थांबते. ऐकलंस का? चिंचेच्या अलीकडं उभी राहा."

"बरं," वैजू म्हणाली. मागं बसचा आवाज होता. "पण तुला उशीर झाला तर मी येईन. तुझा पाय दुखतो ना हल्ली."

घरी आल्यावर यमुनाबाईंनी देठं काढणं बंद केलं. वांगी देठासकट खाल्ली, दोडक्याच्या शिरा चटणीत वाटल्या, चहाचा चोथा तुळशीत टाकला. हिरवी बादली दारात कोरडी ठणठणीत पडून राहिली. अक्का तिकडं बघायची आणि आपल्या कामाला लागायची. तिच्या स्वतःच्या चुलीपाशी मात्र सालांचा ढीग रोजच्याएवढाच पडत होता.

"अक्का, तुम्ही पण जरा कमी टाका."

"कमी कसं टाकू, माय? घरात खाणारी माणसं आहेत." घरात खरंच माणसं होती. यमुनाबाईंनी न पाहिलेली, सासूच्या तोंडून फक्त नावं ऐकलेली. ती रांगेत बसून भाकरी मोडत होती. गल्ली आता बायपासच्या आधीपेक्षाही लांब झाली होती.

रविवारी यमुनाबाईंनी पिशवी भरली. दोन साड्या, औषधं, पोटावर बांधायला जुन्या मऊ धोतराच्या पट्ट्या. अक्कानं भाकरी आणि ठेचा फडक्यात बांधून दिला.

"मी पोचवायला येते," अक्का म्हणाली.

सोमवारी तांबडं फुटायच्या आत दोघी निघाल्या. खतावरून पावलं वाजत नव्हती. दोन्ही बाजूंना दारं उघडत होती, बायका सडा घालत होत्या. कोणी विचारलं, "काय, जोडीनं कुठं?" की अक्काच उत्तर द्यायची, "हिच्या लेकीकडं." चालताना तिनं यमुनाबाईंचा हात धरला होता. असं हात धरून त्या दोघी शेवटच्या कधी चालल्या होत्या ते यमुनाबाईंना आठवेना. एवढं आठवलं की तेव्हाही काहीतरी बोलायचं राहून गेलं होतं.

पिठाच्या गिरणीपाशी अक्का थांबली.

"याच्या पुढं मी नाही. पुढं मी सुरतेला आहे."

"हो."

"जा. पोरीच्या उशाशी बस. तिला लहानपणापासून कपाळावर हात लागतो, त्याशिवाय झोप येत नाही." अक्कानं यमुनाबाईंच्या पदराला लागलेलं पीठ झटकलं. "आणि परत आलीस तर ये. नाही आलीस तरी चूल मी एकटीची पेटवणार नाही."

यमुनाबाईंना थांबावंसं वाटलं. गिरणीचा पट्टा फिरत होता, गरम पिठाचा वास येत होता, आणि अक्काच्या चेहऱ्यावर बायपासच्या आधीचं ऊन होतं. त्या थोडा वेळ थांबल्याही. अक्कानं त्यांना हातानं पुढं ढकललं, तेव्हा निघाल्या.

गिरणीच्या पुढं कन्याशाळा होती. तीही परत आली होती. यमुनाबाई तिथं पोचल्या आणि शाळा सुटली. निळे स्कर्ट, दोन दोन वेण्या, तांबड्या रिबिनी. सगळ्या पोरी एकदम गल्लीत आल्या आणि आतल्या बाजूला निघाल्या. यमुनाबाई एका ओट्यावर चढून उभ्या राहिल्या, लोंढा जाऊ दिला. पोरींच्या डोक्यांवरून त्या लांब बघत होत्या. चष्मा लावलेली, पांढऱ्या बटा असलेली, पोटाशी हात धरून सावकाश चालणारी बाई कुठं दिसते का, ते त्या बघत होत्या. तशी कोणी नव्हती. एक पोरगी त्यांच्या पिशवीला घासून गेली आणि "सॉरी, आजी" म्हणाली.

मधल्या पट्ट्यात ताराबाई नवऱ्याबरोबर भाकरी खात बसली होती. नवरा लाजरा होता. यमुनाबाईंना बघून त्यानं टोपी सरळ केली.

"तारा, माझी वैजू दिसली का गं?"

"गेली की मघाशी. तोंडाशी बराच वेळ उभी होती तुमची वाट बघत. मग म्हणाली, आईचा पाय दुखत असेल, मीच जाते."

"एकटी गेली, मग मला वाटेत दिसली कशी नाही?"

"एकटी नव्हती. इथून पुढं शाळेच्या पोरींत मिसळली." ताराबाईनं घास खाली ठेवला. "मी हाक मारली, मावशी. तिनं वळून बघितलं, पण ओळखलं नाही. तिकडं अजून आमची ओळख व्हायची आहे ना."

यमुनाबाई मागं वळल्या. पिशवी तिथंच राहिली. त्या वयात पळता येत नाही, तरी त्या पळाल्या. शाळा बंद झाली होती. रस्त्यात एक तांबडी रिबीन पडली होती आणि ती कोणाचीही असू शकत होती. गिरणीवाल्याला विचारलं. तो पीठ चाळत म्हणाला, "शाळेच्या पोरी गेल्या आपापल्या घरी. एक तेवढी पुढं गेली, फ्रॉकवाली. फ्रॉक मोठा होत होता तिला. मी म्हटलं, पडशील, हळू जा."

"रडत होती का?"

"नाही. गाणं म्हणत होती."

गिरणीच्या आत गल्ली सकाळपेक्षाही लांब झाली होती. सकाळी नव्हती अशी घरं मध्ये आली होती. मातीची, बुटकी, दारात गुरं बांधलेली. यमुनाबाई प्रत्येक दारात डोकावत चालल्या. "लहान पोर बघितली का? फ्रॉक घातलेली?" एका बाईनं मान हलवली. दुसरी म्हणाली, फ्रॉक म्हणजे काय. ऊन कलत चाललं होतं. पाय सुजून चपला सैल कराव्या लागल्या. मग त्यांनी चपलाच काढल्या.

अक्का आपल्या ओट्यावर बसली होती. तिच्यासमोर सोललेले मटार होते आणि टरफलं सुपात भरली होती.

"अक्का, वैजू."

"कोण वैजू?" अक्कानं विचारलं. तिच्या केसांत एकही पांढरा केस नव्हता. "एक रांगतं पोर आलं होतं मघाशी. उघडं, कोणाचं कळेना. मी उचलायला गेले तर हातातून सुटून पुढं गेलं, तुझ्या दाराकडं. मला वाटलं तुझ्या माहेरचं कोणी आलं असेल." ती यमुनाबाईंकडं बघत राहिली. "तुला तर अजून काही नाही."

यमुनाबाई खाली बघत पुढं गेल्या. काळ्या, मऊ खतावर लहान तळव्यांचे ठसे उमटले होते. दोन तळवे, दोन गुडघे, पुन्हा दोन तळवे. ठसे सरळ त्यांच्या दाराकडं जात होते. मध्येच एके ठिकाणी पोर बसलं असावं, तिथं खत गोल दबलं होतं आणि बोटांनी उकरलेलं होतं. मग ठसे पुन्हा सुरू झाले. ते लहान होत गेले. तळवा आधी लिंबाएवढा होता, मग आवळ्याएवढा. उंबरा हातभरावर राहिला असताना ठसे संपले.

पुढं खत सारखं होतं, त्यावर काहीच नव्हतं. दाराला बाहेरून लावलेली कडी तशीच होती.

यमुनाबाई शेवटच्या ठशापाशी खाली बसल्या. बोटाच्या टोकानं त्यांनी त्याला शिवून बघितलं. तो कोमट होता. त्या उठायला गेल्या, उंबऱ्यावर हात टेकला, आणि तशाच थांबल्या. त्यांच्या पोटात, बरगडीच्या खाली, कोणीतरी सावकाश कूस बदलली.